लसीच्या फ्रीजचा फोटो टाकला म्हणून नोटीस. सरकारी नोकराने बोलायचं तरी कुठे?

वेशीवरची

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मोठी बहीण एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका आहे. जिल्हा परिषदेची नोकरी, १९ वर्षं झाली. जिल्हा-तालुका मुद्दाम सांगत नाही. केंद्रात लसी ठेवायचा मोठा फ्रीज असतो, त्याला तिथे सगळे आयएलआर म्हणतात. आतलं तापमान २ ते ८ अंशांच्या मध्येच राहायला लागतं आणि सकाळ-संध्याकाळ ते वहीत लिहायचं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर तो बिघडला. तापमान १४ वर गेलं. ताईने त्याच दिवशी लसी शेजारच्या केंद्रात हलवल्या, वर लेखी कळवलं, आठ दिवसांनी स्मरणपत्र दिलं. तीन आठवडे पान हललं नाही. तोवर दर लसीकरणाच्या दिवशी भाऊजी पहाटे मोटारसायकलला लसीची पेटी बांधून २३ किलोमीटरवरून लस आणत होते. पेट्रोल घरचं.

एका बुधवारी ओढ्याला पाणी आलं आणि लस पोचलीच नाही. ११ बाळं परत गेली. एक बाई तर सहा किलोमीटर चालत आली होती, लेकरू कडेवर, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. त्या रात्री ताईने बंद फ्रीजचा आणि तापमानाच्या वहीचा फोटो फेसबुकवर टाकला. खाली एवढंच लिहिलं की तीन आठवडे झाले, दोन पत्रं दिली, आज ११ बाळं लस न घेता परत गेली. कुणाचं नाव नाही, शिवी नाही, पक्ष नाही.

चौथ्या दिवशी नोटीस. तिने शासनाची व जिल्हा परिषदेची प्रतिमा मलिन केली आहे, तरी शिस्तभंगाची कारवाई का करू नये याचा खुलासा ४८ तासांत द्यावा. दीड पानाच्या नोटिशीत फ्रीज हा शब्द एकदाही नाही.

केंद्रातले सगळे म्हणतात, माफी मागून मोकळी हो. भाऊजी म्हणतात, माफी कशाची? ताई काल रात्री फोनवर काही बोललीच नाही, नुसती श्वास घेत होती. काय करावं तिने?

सदाबहार_७

पोस्ट काढली का? काढली असेल तरी त्याची प्रत, वहीच्या पानांची प्रत आणि दोन्ही पत्रांची पोच आजच्या आज घरी आणून ठेवा. आजच्या आज.

निवृत्त_आस्थापना

ताई, ३४ वर्षं आस्थापना शाखेत काढली आहेत. अशा नोटिसा मीच टाइप केल्या आहेत, शेकड्यांनी. त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

एक लक्षात घ्या, कारणे दाखवा नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. ती आल्यावर माणूस घाबरतो आणि घाईघाईत "माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही" असं लिहून देतो. तो कागद म्हणजे कबुलीजबाब. पुढे विभागीय चौकशी लागली की सादरकर्ता अधिकारी तोच कागद पहिल्या पानावर लावतो आणि साक्षीपुराव्याची गरजच उरत नाही. गोडीगुलाबीने सांगणारे सहकारी वाईट नसतात, पण त्यांना हे माहीत नसतं.

म्हणून आधी मुदतवाढ मागा. ज्या पोस्टच्या आधारे नोटीस दिली तिची प्रत मागा, आणि कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाचा भंग झाला ते स्पष्ट करा असं विचारा. खुलाशात तारखा लिहा. अमुक तारखेला तापमान १४, अमुक तारखेला पत्र, आवक क्रमांक अमुक. विशेषणं नकोत. रागही नको, रडही नको. तारखा आणि आवक क्रमांक खोटे पाडता येत नाहीत.

आवक-जावक नोंदवहीत पत्राची नोंद आहे ना, हे आधी बघा. नसेल तर सगळं अवघड होईल.

उंबरठा

सरळ मॅटमध्ये जा. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, जे जवळ असेल तिथे. सरकारी नोकरांसाठीच आहे ते न्यायाधिकरण.

निवृत्त_आस्थापना

@उंबरठा, नाही हो. त्या जिल्हा परिषदेच्या कर्मचारी आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना मॅट, पण जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना तिथे दाद मागता येत नाही. त्यांचे नियमही वेगळे. वर्तणुकीचे १९६७ चे, शिस्त व अपीलचे १९६४ चे. शिक्षा झाली तर अपील विभागीय आयुक्तांकडे आणि त्यापुढे उच्च न्यायालय. नोटिशीत १९७९ च्या नागरी सेवा नियमांचा हवाला दिला असेल तर तो मुद्दा खुलाशात जरूर घ्या. घाईत काढलेल्या नोटिशींत अशी चूक फार वेळा सापडते.

उंबरठा

चूक मान्य. माझा भाऊ महसूल खात्यात, त्यामुळे मला वाटलं सगळ्यांना एकच दार.

पाटबंधारेवाला

धागा वाचून राहवलं नाही. मी अभियंता, नुकताच निवृत्त.

बोलणाऱ्याला सरकार सहसा "तू बोललास म्हणून" शिक्षा देत नाही. तसं लिहिलं तर कोर्टात टिकत नाही. ते दुसऱ्याच रस्त्याने येतात. मी एका कालव्याच्या अस्तरीकरणाचं मोजमाप मोजमाप पुस्तिकेत जसं होतं तसं लिहिलं. ठेकेदाराच्या बिलात जाडी १० सेंटिमीटर होती, मी तीन ठिकाणी फोडून बघितली तर सहा-साडेसहा भरली. तेच लिहिलं आणि वर टिपणी पाठवली. कुणी एक शब्द बोललं नाही. महिन्याभराने बदली, "प्रशासकीय कारणास्तव". मग माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या एका प्रवास भत्त्याच्या बिलाची चौकशी निघाली. ७४० रुपयांचं बिल. ती चालली चार वर्षं. चार वर्षं माझी पदोन्नती बंद लिफाफ्यात. शेवटी निर्दोष सुटलो, पण माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा तोवर माझा साहेब झाला होता. पोरगा गुणी आहे, त्याने कधी अरेतुरे केलं नाही. पण घरी बायको-मुलांना काय सांगायचं ते समजत नसे.

माझं लहान प्रकरण. आमच्याच खात्यातलं मोठं सगळ्यांना ठाऊक आहे. २०१२ मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहाराबद्दल थेट मुख्यमंत्री आणि राज्यपालांना पत्र लिहिलं. त्याच सुमारास आर्थिक पाहणी अहवालाच्या आधारे दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्चून सिंचनक्षेत्र ०.१ टक्का वाढल्याचा हिशोब गाजत होता. सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा आला, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका, डिसेंबरात उपमुख्यमंत्री परत पदावर. पांढरे मात्र स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. इतक्या वरच्या पदावरचा माणूस, त्याच्या पत्राने मंत्रिमंडळ हाललं, तरी तो स्वतः आत राहू शकला नाही. मग आरोग्यसेविकेचं काय?

माळावरची_बोर

@पाटबंधारेवाला, ७४० रुपये वाचून पोटात कालवलं. माझ्या बाबतीत तो आकडा ३१२ होता. शालेय पोषण आहाराच्या तांदळाच्या वजनातली तफावत, ३१२ ग्रॅम. त्याआधी मी वर्गाच्या छताचा गिलावा पडतोय म्हणून पालकसभेत बोलले होते.

सह्याद्रीवारा

मी जरा वेगळं बोलणार आहे, कुणी रागावू नये.

माझे वडील पोलीस खात्यात होते, मी स्वतः एका शासकीय कार्यालयात आहे. लसीचा फ्रीज बंद आहे असा फोटो गावाच्या फेसबुकवर आला की गावात त्याचा अर्थ काय होतो? "लस खराब आहे." झालं. उद्या फ्रीज दुरुस्त झाला तरी त्या ११ बाया परत येतील का? आमच्याकडे एकदा एका अफवेमुळे पूर्ण वाडीने पोलिओचा डोस नाकारला होता. दारादारात फिरून मन वळवायला दोन महिने गेले. हे नुकसान कोण भरून देणार?

शिवाय ज्याला त्याला वाटलं म्हणून कार्यालयातली कागदपत्रं समाजमाध्यमांवर टाकता येणार असतील तर उद्या एखादा रागावलेला कर्मचारी रुग्णाचा केसपेपरही टाकेल. २८ जुलै २०२५ चा शासन निर्णय आहे. त्यात राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, गोपनीय कागदपत्रं टाकू नयेत, वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवावं असं स्पष्ट आहे. तो स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू आहे. बोलायची जागा फाईल आहे. ताईंच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण जागा चुकली.

माळावरची_बोर

@सह्याद्रीवारा, दादा, तुमचा अफवेचा मुद्दा मला पटतो. मनापासून पटतो. पण "बोलायची जागा फाईल" हे ऐकलं की आतून भडका उडतो.

माझ्या शाळेचं छत. पहिलं पत्र मी २०१६ च्या जुलैत दिलं. दुसरं ऑगस्टमध्ये. तिसऱ्याला केंद्रप्रमुख म्हणाले, बाई, तुमचं अक्षर फार सुंदर आहे. चौथं दिलं तेव्हा तिसरं सापडत नव्हतं. डिसेंबरात दुपारच्या सुट्टीत तिसरीच्या वर्गात पंख्याशेजारचा ताटाएवढा गिलावा खाली आला. पोरं बाहेर खिचडी खात होती म्हणून वाचली. ज्या बाकावर तो पडला त्यावर एका मुलीचं दप्तर होतं. पाटी दुभंगली होती, आणि पाटीवर तिने अर्धवट लिहिलेला सातचा पाढा होता. ती पाटी अजून माझ्या कपाटात आहे.

त्यानंतर पालकसभेत मी उभी राहून सांगितलं की चार पत्रं दिली आहेत. माझा गुन्हा एवढाच. पुढच्या बदल्यांमध्ये ६२ किलोमीटर लांब, दोन एसट्या बदलून जायची शाळा. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. छत मात्र त्याच उन्हाळ्यात झालं.

फाईलमध्ये बोलून छत झालं असतं तर मी कशाला उभी राहिले असते?

ओसरी

थोडं हलकं. आमच्या कार्यालयात भिंतीवर सूचनापेटी होती. किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नाही. नवीन साहेब आले, हौशी होते, त्यांनी कुलूप तोडायला लावलं. आत एकच चिठ्ठी आणि पालीची सात अंडी. चिठ्ठीवर लिहिलेलं: "या पेटीत पाली शिरतात, भोक बुजवावे." साहेब इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी त्याच दिवशी दर सोमवारी कर्मचाऱ्यांना भेटायची वेळ ठरवून दिली. फार चांगला माणूस. दीड वर्षातच गेले बदलून.

काळा_डगला

मी सेवाविषयक प्रकरणं चालवतो, तेव्हा कायद्याचं जेवढं उपयोगी तेवढं लिहितो.

सरकारी नोकरीत शिरलं म्हणून मूलभूत हक्क दारात काढून ठेवावे लागतात, असं नाही. १९६२ च्या कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांच्या सरसकट सगळ्या निदर्शनांवर बंदी घालणारा नियम तेवढ्यापुरता रद्द केला. संपाचा हक्क मात्र त्याच निकालात नाकारला. २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने एका महिला कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, फेसबुक पोस्ट आणि सभेला हजेरी या कारणावरून निवृत्तीच्या तोंडावर केलेली कारवाई रद्द केली आणि सांगितलं की सरकारी नोकरालाही भाषणस्वातंत्र्य आहे, नियमांच्या मर्यादेत. आता ताईंची पोस्ट धोरणावर टीका आहे का? लसीकरण करू नका असं तिने म्हटलेलं नाही. उलट शासनाचं धोरण राबवता येत नाही म्हणून ती कळवळली आहे. खुलाशात हा फरक अगदी साध्या भाषेत मांडा.

निलंबन झालंच तर घाबरू नका. पहिले तीन महिने निर्वाह भत्ता साधारण अर्ध्या पगाराच्या हिशोबाने मिळतो, वर महागाई भत्ता. पुढे लांबलं आणि दोष कर्मचाऱ्याचा नसेल तर तो वाढवता येतो. २०१५ च्या अजयकुमार चौधरी निकालाप्रमाणे तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन तसंच ताणता येत नाही. गोपनीय अहवालात शेरा मारला तर तो कळवणं बंधनकारक आहे, देव दत्त प्रकरण, २००८. या चार गोष्टी माहीत नसल्यामुळे माणसं खचतात.

आणि एक कडू गोष्ट. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने केला, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सहीही झाली. तो अजून अमलात आणलेला नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी २००४ चा एक ठराव आहे, त्याखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते. जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेला त्याचा काही उपयोग नाही.

गंगापूर_रोड

तो २००४ चा ठराव कुणामुळे आला हेही लिहायला हवं होतं, वकीलसाहेब. सत्येंद्र दुबे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातला तरुण अभियंता. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या निकृष्ट कामाबद्दल त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. नाव गुप्त राहिलं नाही. पत्र नावासकट टेबलाटेबलांवरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्याला गोळी घातली. लग्नाहून परत येत होता, वय ३०.

मी त्या वेळी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या वसतिगृहाच्या फलकावर कुणीतरी त्याच्या बातमीचं कात्रण लावलं होतं. ते कात्रण परीक्षा संपेपर्यंत कुणी काढलं नाही.

दादरची_खिडकी

आपल्या मुंबईचे खैरनार आठवतात का कुणाला? महापालिकेचे उपायुक्त. अनधिकृत बांधकामांवर हातोडा चालवला तोपर्यंत हिरो, १९९४ मध्ये थेट मुख्यमंत्र्यांवर आरोप केले आणि निलंबित. परत कामावर घेतलं २००० मध्ये. त्यांच्या सभेला माझी आई मला घेऊन गेली होती. मी लहान, मला फक्त गर्दी आणि भेळ आठवते. आई सांगते, सभा संपल्यावर बायकांनी पदराच्या गाठी सोडून पैसे दिले होते.

सह्याद्रीवारा

@गंगापूर_रोड, दुबेंचं पत्र हे फाईलचंच उदाहरण आहे. त्यांनी जागा बरोबर निवडली होती. वरच्यांनी विश्वास मोडला. मी परत म्हणतो, माझा आक्षेप फेसबुकला आहे, बोलण्याला नाही.

गंगापूर_रोड

आणि म्हणूनच विचारतो, बरोबर जागा निवडणारा मारला गेला, चुकीची जागा निवडली की नोटीस. मग राहिलं काय?

सह्याद्रीवारा

याला माझ्याकडे उत्तर नाही. प्रामाणिकपणे सांगतो.

अटलांटाची_आजी

नातवंडांसाठी इकडे अमेरिकेत आले, आता सात वर्षं झाली. इथेही हेच चाललंय म्हणून लिहिते. २०२५ च्या जूनअखेरीस इथल्या पर्यावरण संरक्षण खात्याच्या कर्मचाऱ्यांनी सरकारच्या धोरणांबद्दल असहमतीचं जाहीर पत्र सह्या करून दिलं. सही करणाऱ्या सुमारे १४० जणांना लगेच रजेवर बसवून चौकशी लावली. ऑगस्टमध्ये आपत्ती निवारण खात्याच्या लोकांनी तसंच पत्र दिलं, त्यांच्यातल्याही अनेकांना दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. माझ्या शेजारची बाई अशाच एका खात्यात आहे. ती सध्या बागेत टोमॅटोला पाणी घालतानाही फोन खिशात ठेवते, कधी काय मेल येईल म्हणून.

इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये एका शाळामास्तरांच्या बाजूने निकाल दिला होता. शाळामंडळ पैसा कसा खर्च करतं याबद्दल त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि नोकरी गेली. कोर्टाने ती कारवाई चूक ठरवली. पण २००६ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या टिपणीला हे संरक्षण नाही. म्हणजे बाहेर बोललं तर थोडं तरी छत्र, आणि आत फाईलमध्ये लिहिलं तर उघड्यावर. @सह्याद्रीवारा, बाळा, तुझा फाईलचा मुद्दा वाचला तेव्हा हेच आठवलं.

डेपो_नंबर_चार

माझे बाबा एसटीत चालक. २०२१ चा विलीनीकरणाचा संप. आधी निलंबन, मग सेवासमाप्ती. घरात पाच महिने पगार नाही. आई शिवणकाम करायची, मी रात्री बारापर्यंत जेवणाचे डबे पोचवायचो. बाबा रोज सकाळी सहाला उठून खाकी शर्टाला इस्त्री करून खुंटीला लावत. घालायचे नाहीत, नुसती इस्त्री. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना परत हजर व्हायची मुदत दिली, कारवाई करू नका असं महामंडळाला सांगितलं, तेव्हा तो शर्ट घालून गेले. विलीनीकरण झालं नाही.

हा संप होता, ताईंचा विषय वेगळा आहे, कळतं मला. पण घरात काय होतं ते सारखंच असतं म्हणून लिहिलं. ताईंना एकटं ठेवू नका.

निवृत्त_आस्थापना

@डेपो_नंबर_चार, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

संपाचा विषय निघाला म्हणून सांगतो. मी नोकरीला लागायच्या आधी, १४ डिसेंबर १९७७ ला सुरू झालेला राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता ही मागणी, र. ग. कर्णिक नेते. माझे थोरले बंधू तेव्हा तहसीलमध्ये कारकून. गल्लीतल्या किराणा दुकानदाराने ५४ दिवस वहीवर माल दिला, एकदाही तगादा नाही. पुढे बंधूंनी बारा हप्त्यांत ते फेडलं. त्या वेळच्या लोकांना संघटनेची ऊब होती. आता जो तो आपापल्या मोबाइलवर एकटा लिहितो आणि एकटाच सापडतो. ताईंनी संघटनेला कळवलं आहे का? कळवलं नसेल तर आजच कळवा. पत्र संघटनेच्या लेटरहेडवर गेलं की त्याचं वजन वेगळं असतं.

ओसरी

किराणा दुकानदाराची वही हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. कुणीतरी काढा, मी आमच्या गल्लीतल्या शेटजींबद्दल लिहीन.

जांभळाचं_झाड

मी डॉक्टर आहे, सरकारी रुग्णालयात. नाव-गाव सांगणार नाही आणि का सांगणार नाही ते या धाग्यावर सगळ्यांना कळेल.

करोनाच्या सुरुवातीला आंध्र प्रदेशात नर्सीपट्टणमच्या सरकारी रुग्णालयातले भूलतज्ज्ञ डॉ. सुधाकर राव यांनी एन-९५ मास्क मिळत नाहीत असं बोलून दाखवलं. एप्रिल २०२० मध्ये निलंबित. मे महिन्यात विशाखापट्टणमच्या रस्त्यावर पोलिसांनी त्यांचे हात मागे बांधून त्यांना गाडीत घातलं, त्याची चित्रफीत देशभर फिरली. उच्च न्यायालयाने चौकशी सीबीआयकडे दिली. पुढच्या वर्षी मे महिन्यात ते वारले.

ती चित्रफीत बघितली तेव्हा मी स्वतः एकच मास्क पाच दिवस उन्हात वाळवून वापरत होते. आमच्या विभागात १४ जण होतो. चित्रफीत सगळ्यांनी बघितली. दुसऱ्या दिवशी मास्कबद्दल कुणीही काही बोललं नाही. मीही नाही. एका माणसाला रस्त्यावर पाडलं आणि शेकडो मैलांवरचे १४ जण गप्प बसले. शिक्षा एकाला नसतेच, ती बघणाऱ्यांसाठी असते. त्या महिन्यात आमच्यातली एक परिचारिका आजारी पडली. ती बरी झाली, देवाची कृपा. पण मी गप्प बसले होते हे माझ्या मनातून जात नाही.

ताईंना सांगा, त्यांनी जे केलं ते करायची माझी छाती झाली नाही.

सदाबहार_७

🙏

पाटबंधारेवाला

डॉक्टरताई, नका मनाला लावून घेऊ. मीही पहिल्यांदा मोजमाप खरं लिहिलं तेव्हा नोकरीला २२ वर्षं झाली होती. आधीच्या २२ वर्षांत किती वेळा मान खाली घातली ते माझं मलाच माहीत.

काळा_डगला

कामाचं एक राहिलं. ताईंनी स्वतः माहिती अधिकारात अर्ज करू नये, तो लगेच डोळ्यांवर येतो. गावातल्या कुणाही नागरिकाने करावा. दहा रुपये शुल्क, आपल्या राज्यात १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, तेव्हा मोजकं विचारा: अमुक केंद्रातल्या शीतसाखळी उपकरणाच्या दुरुस्तीबाबत अमुक ते अमुक तारखेदरम्यान आलेली पत्रं, त्यांवरचे शेरे आणि झालेली कार्यवाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फाईलवरचे शेरे एकदा बाहेर आले की "आम्हाला कळवलंच नव्हतं" हे म्हणायची सोय उरत नाही.

माळावरची_बोर

हा सल्ला मला २०१६ मध्ये कुणी दिला असता तर!

वेशीवरची

सगळ्यांची उत्तरं ताईला फोनवर वाचून दाखवली. दोन रात्री लागल्या. डॉक्टरताईंचं वाचताना ती मध्येच थांब म्हणाली, मग पाच मिनिटांनी परत फोन केला.

पुढचं सांगते. माफी मागितली नाही. आस्थापनेतल्या काकांनी सांगितलं तसं मुदतवाढ मागितली, तीन दिवस मिळाले. दोन्ही पत्रांच्या नोंदी आवक वहीत आहेत, त्यांचे फोटो घेतले. दुसऱ्या पत्राच्या नोंदीसमोर "पाहिले" आणि एक सही आहे. खुलासा पावणेदोन पानांचा, तारीखवार, एकही विशेषण नाही. तापमानाच्या वहीच्या २१ दिवसांच्या प्रती जोडल्या. नोटिशीत खरंच १९७९ चे नियम लिहिले होते, तो मुद्दा शेवटी घातला. संघटनेचं पत्रही गेलं. पोच घेतली, शिक्का पुसट होता म्हणून भाऊजींनी परत मारून घेतला.

@सह्याद्रीवारा, तुमचा अफवेचा मुद्दा वाचल्यावर ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तो माणूस बरोबर बोलतोय. दुसऱ्या दिवशी आशाताईंना घेऊन ती त्या ११ घरी गेली आणि लस खराब नव्हती, लस आलीच नव्हती, हे प्रत्येकीला सांगितलं. नऊ बाळांना लस दिली. एक कुटुंब ऊसतोडीला कर्नाटकात गेलंय, एक सासू अजून नाही म्हणते. तिच्याकडे ती परवा पुन्हा जाणार आहे.

फोटो टाकायला नको होता का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, वहीचा नको होता कदाचित, फ्रीजचा टाकला असता तरी चाललं असतं. पण टाकलाच नसता, असं मला म्हणता येत नाही.

फ्रीज दुरुस्त करायला माणूस आला. पोस्टनंतर नवव्या दिवशी. एक रिले बदलला, पाऊण तासाचं काम. खुलाशावर अजून काही उत्तर नाही. तालुक्याला कुजबुज आहे की पुढच्या यादीत तिचं नाव आहे, लांबच्या केंद्रासाठी. भाऊजींनी त्या गावाला जायच्या एसटीची वेळ विचारून ठेवली आहे.

आज सकाळी तिने वहीच्या पानाचा फोटो फक्त मला पाठवला. सकाळ: ४ अंश. संध्याकाळचा रकाना अजून कोरा आहे, पाच वाजता भरायचा असतो.